कोमट आबाजी

लोक करदोड्याला तिजोरीची किल्ली बांधतात. आमच्या घरमालकांच्या करदोड्याला बंबाच्या तोटीचा पितळी कान बांधलेला असायचा. तोटीवरून तो त्यांनी स्वतःच्या हातांनी काढून घेतला होता, त्यामुळे बंबातलं गरम पाणी पाहिजे असेल तर आधी घरमालक पाहिजेत. त्या कानाच्या सोबतीला रेल्वेची एक जुनी शिट्टीही होती. दोन्ही एकमेकांवर आपटून धोतरातून खुळखुळत असायची, म्हणून मालक अंगणात कुठे आहेत ते कोणाला शोधावं लागत नसे.

सगळे त्यांना आबाजी म्हणत. पाठीमागे म्हणत कोमट आबाजी.

मी लग्न होऊन भिलाईला आले तेव्हा कारखाना अजून उभा राहत होता. आमच्या घरच्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, प्लांटात फिटरची नोकरी लागलेली, पण कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरात, क्वार्टर मिळायला अवकाश होता. तोवर पावर हाउस म्हणतात त्या वस्तीत, स्टेशनच्या अंगाला, आबाजींच्या खोल्यांपैकी एका खोलीत आमचा संसार. मधे अंगण, भोवती खोल्या, कोपऱ्यात तीन बाजूंनी पत्रे लावलेली न्हाणी आणि न्हाणीजवळ तो बंब. तांब्याचा, माझ्या छातीइतका उंच. आबाजी रेल्वेत फायरमन म्हणून लागले नि ड्रायव्हर होऊन उतरले. निवृत्त झाल्यावर नागपूरहून हा बंब मालगाडीतून घेऊन आले. लोक म्हणायचे, इंजिन सुटलं म्हणून म्हाताऱ्याने घरी लहान इंजिन आणलं. बंबाभोवती चुन्याची जाड रेघ होती. ती पुसट झाली की आबाजी वाकून पुन्हा ओढत. रेघेच्या आत लेकरू दिसलं की शिट्टी वाजे, आणि लेकराच्या आईची अशी काही खरडपट्टी निघे की तिने दिवसभर अंगणात येऊ नये.

पहिल्याच सकाळी मी बादली घेऊन गेले. थंडीचे दिवस होते. आबाजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं नि विचारलं, "कोन न्हाऊन राहिलं? तू का नवरा?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी माझी बादली घेतली, शेजारच्या ड्रममधलं थंड पाणी अर्ध्याच्या वर भरलं आणि मग कमरेचा कान सोडून तोटीला बसवला. गरम पाणी थोडं सोडलं, कान काढून पुन्हा कमरेला बांधला. मला वाटलं झालं. पण नाही. त्यांनी बाही वर केली, कोपर पाण्यात बुडवलं आणि डोळे मिटून उभे राहिले. लांबच्या रुळावर गाडी येतेय का, हे ऐकणाऱ्या माणसासारखे. बऱ्याच वेळाने म्हणाले, "जा."

त्या पाण्याने मी कुडकुडत आंघोळ केली. आमच्या माहेरी, वर्ध्याकडे, आंघोळीचं पाणी म्हणजे अंग लाल झालं पाहिजे. घंगाळात आधी कढत पाणी ओतायचं आणि मग विसण घालत घालत सोसेल इतकं करायचं. हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही, चालायला शिकावं तसं येतं. त्यामुळे आधी थंड, मग गरम, हा उलटा कारभार पाहून मला हसूही आलं आणि रागही. घरच्यांना म्हटलं, "हा काय माणूस आहे हो? अंघोळ घालतो की अंगावर शिंपडतो?" ते म्हणाले, "खोली सुटंन अशानं. चूप राय."

घरचे स्वतः काही कमी वैतागलेले नव्हते. प्लांटातून वंगणाने काळे होऊन यायचे, त्या कोमट पाण्याने वंगण हलायचंसुद्धा नाही. पण आबाजींपुढे कोणाची टाप नव्हती. खोली देताना ते कोणाला जात विचारत नसत, गाव विचारत नसत. विचारत ते एवढंच, "घरात लहान लेकरू हाय का?" असेल, तर बंबापासून सगळ्यांत लांबची खोली. आणि पुढे कोणाच्याही खोलीत गेले की स्वयंपाकाच्या कोपऱ्यात शिरून चुलीवरच्या भांड्याचा दांडा आत वळवून ठेवत. चहा उतू जात असला तरी आधी दांडा, मग चहा.

त्यांचं एक पालुपद होतं. "पानी अंगाले लागलं पायजे, चावलं नाही पायजे." दिवसातून कितीतरी वेळा. कोणी गरम पाण्याची बादली घेऊन अंगणातून निघालं की आबाजी पुढे शिट्टी वाजवत चालत, आणि "गरम! गरम!" म्हणून ओरडत. रस्ता मोकळा झाल्याशिवाय बादली हलू देत नसत. आमच्या शेजारी एक पंजाबी क्रेन ऑपरेटर राहायचा, मोठा खुशालचेंडू माणूस. तो बादलीत बोट घालून रोज म्हणायचा, "बाबाजी, ये नहाने का पानी है या कल की चाय?" आबाजी तितक्याच गंभीरपणे उत्तर द्यायचे, "चाय तो बी फूककर पीते ना बे? बस, हम तुम्हारे वास्ते फूककर देते."

त्या पंजाब्याने एकदा डाव साधला. आबाजी बाजारात गेले होते. याने प्लांटातला पाना आणलाच होता. बंबात कोळसा कोंबला, हवा घातली. बंब गुणगुणायला लागला. बंब असा गुणगुणला की आबाजी जिथे असतील तिथून पळत यायचे आणि खालचा जाळ ओढून काढायचे, हे आम्हा सगळ्यांना माहीत. पण त्या दिवशी ते नव्हते. पंजाब्याने पान्याने तोटी फिरवली. तोटी एकदम सुटली, आणि वाफेसकट ते पाणी त्याच्या पायावर. अशी किंकाळी त्या अंगणाने कधी ऐकली नव्हती.

त्याची बायको शाईची दौत घेऊन धावली. तेव्हा भाजलं की शाई लावायचे, कोणी कणीक थापायचे, कोणी तेल-हळद. इतक्यात आबाजी पिशवी टाकून आत आले. त्यांनी दौत हिसकावून फेकून दिली, पंजाब्याला बगलेत धरून ओढत नेलं आणि त्याचा पाय सरळ थंड पाण्याच्या ड्रममध्ये घातला. ड्रमवर स्वतः हात टेकून उभे. तो गडी ओरडतोय, बायको रडतेय, आबाजी ऐकायला तयार नाहीत. "राहू दे पाय. राहू दे, बाप्पा. आगीले बाहेर येऊ दे." स्वयंपाक होऊन निवला, तेव्हा कुठे त्यांनी पाय बाहेर काढू दिला, ओल्या धुवट फडक्यात सैलसा गुंडाळला आणि घरच्यांना सोबत देऊन दवाखान्यात धाडला. मला वाटलं होतं, आता आबाजी त्याला खोली सोडायला सांगणार. त्यांनी त्याला एक शब्दसुद्धा बोलून दाखवला नाही. फक्त पाना ठेवून घेतला. त्यानंतर पंजाबी रोज सकाळी बादली घेऊन सगळ्यांच्या आधी हजर, आणि नव्या भाडेकऱ्यांना आबाजींपेक्षा मोठ्या आवाजात ओरडून सांगायचा, "कोहनी डालो, भाई, कोहनी!"

बायका म्हणायच्या, म्हाताऱ्याचं स्वतःचं लेकरू पोळून मेलं असणार. कोणी म्हणे मुलगी होती, कोणी म्हणे मुलगा. एकीने तर त्याचं नावही शोधून काढलं होतं. आबाजी एकटेच राहायचे. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. त्यामुळे ही गोष्ट सगळ्यांना पटली होती, आणि त्या गोष्टीमुळे लोक त्यांचं कोमट पाणी जरा मायेने अंगावर घ्यायचे. माझा स्वभाव पहिल्यापासून आगाऊ. मनात ठेवून झुरणं मला जमत नाही. आबाजी एकदा अंगणात बसून चुन्यात पाणी कालवत होते, मी समोर जाऊन बसले आणि विचारलं, "आबाजी, तुमचं कोणी पोळलं होतं काय?"

"नाही," ते म्हणाले.

"मग इंजिनावर कोणी?"

"नाही वं. माह्या इंजिनावर कोणालेच काही झालं नाही. मी होऊच देल्लं नाही."

"मग हे सगळं कावून?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. मला म्हणाले, "पोरी, कोणी मेल्याशिवाय मानसानं शहानं व्हावं नाही काय?"

मग त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्यांची आई त्यांना आंघोळ घालायची ते त्यांना आठवत होतं. पाटावर बसवून तांब्यामागून तांब्या कढत पाणी. ते रडायचे, आणि आई, आत्या, शेजारणी हसायच्या. "पाहा किती मोठा गळा हाय," म्हणायच्या. "माह्या मायचं काही चुकलं नाही," आबाजी म्हणाले. "तिचा हात चुलीत राहून राहून दगड झाला होता. तिले ते पानी कोमटच लागे. पन मले कोनी इचारलं नाही ना, का बे, कावून रडून राहिला? आता मी सांगून राहिलो. पन आता माह्यं वय झालं शेवटचं न्हाऊन घ्याचं." आणि ते खो खो हसले. मला मात्र हसू आलं नाही. या माणसाला पोटभर जेवायला घालावं असं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी मी झुणका-भाकर घेऊन गेले. झुणका फार गरम आहे म्हणून त्यांनी तो बराच वेळ फुंकत ठेवला.

त्यांची कीर्ती एकदा प्लांटापर्यंत गेली. आमच्या घरच्यांच्या साहेबाच्या बंगल्यात भिंतीवर विजेचा गीझर बसला होता. तेव्हा ती नवलाई, आम्ही ते नावही ऐकलं नव्हतं. आबाजींना दाखवायला घरचे त्यांना घेऊन गेले. आबाजींनी नळ सोडला, बाही वर केली, कोपर धारेखाली धरलं आणि उडी मारली. "हे तं चावते!" साहेबाची बायको घाबरली. मग तिथल्या विजेच्या मिस्त्रीने सांगितलं की आत एक खटका असतो, तो फिरवला की पाणी किती तापावं ते ठरतं. आबाजींचा चेहरा फुलला. म्हणाले, "म्हंजे बंबाची किल्ली बंबालेच बांधून देल्ली! मंग एवढ्या वर कावून ठेवली?" त्यांनी मिस्त्रीकडून खटका तिथल्या तिथे खाली करून घेतला, कोपराने तपासलं आणि मगच चहाला बसले. पुढे साहेब कित्येक दिवस विचारत होता की गीझर बिघडला कसा. पण बाईंनी तो पुन्हा वर करू दिला नाही. त्यांच्या घरात रांगतं लेकरू होतं.

हे सगळं ठीक होतं, जोवर माझ्या सासूबाई आल्या नव्हत्या.

सासूबाई माझ्या बाळंतपणाला म्हणून आल्या. मला मुलगी झाली. सासूबाई म्हणजे निखारा बोटांनी उचलून दुसऱ्या चुलीत टाकणारी बाई. उकळत्या डाळीचं पातेलं पदरसुद्धा न घेता उतरवत. पहिल्या दिवशी आबाजींनी बाळासाठी म्हणून बादली पाठवली. सासूबाईंनी हात घालून पाहिलं, "हे मेलेलं पानी हाय" म्हणाल्या आणि न्हाणीमागच्या शेवग्याच्या मुळाशी ओतून दिलं. मग आपली स्वतःची चूल न्हाणीच्या तोंडाशी मांडली, पातेलंभर पाणी कढवलं, पाय लांब करून नडग्यांवर बाळाला पालथं घेतलं. बाळ असं रडलं की माझं दूध झरायला लागलं. पाठ लाल झाली होती.

"रडू दे," सासूबाई म्हणाल्या, "गळा मोकळा होते."

न्हाणीच्या पत्र्याबाहेर खुळखुळ ऐकू आली. आबाजी आमच्याकडे पाठ करून उभे होते. बायकांची न्हाणी, वळून कसं पाहणार? ते भिंतीकडे तोंड करूनच ओरडले, "इहीनबाई, कोपर बुडवा!"

"कोनाची इहीन?" सासूबाई आतून.

"मी पोरीच्या बाजूचा. तुमी पोराची माय. मंग मी तुमचा इवाई नाही झालो काय?"

"माहे इवाई वर्ध्याले हायेत. आन मले नका शिकवू. मी माह्या हातानं पाह्यलं पानी."

"तुमचा हात नोहे तो, सांडशी हाय! कोपर बुडवा!"

असं ते पाठमोरं भांडण. मी हळूच वाकून माझं कोपर घंगाळात बुडवलं नि चटकन काढलं. मला ते सोसेना. मी तांब्याभर थंड पाणी त्यात घातलं. सासूबाईंनी पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं. त्या दिवसापासून पाणी किती गरम हा प्रश्न सुटला. मी रोज कोपर बुडवायची, त्या रोज दुसरीकडे पाहायच्या.

सुटला नाही तो दुसरा प्रश्न. सासूबाई मांडायच्या त्या आमच्या पद्धतीने. घंगाळ खाली जमिनीवर, त्यात आधी कढत पाणी, आणि मग ड्रमकडे जाऊन विसण आणायची. आबाजींचा जीव त्या मधल्या वेळात अडकलेला असायचा. "ते लेकरू आज मांडीवर हाय. उद्या रांगन. परवा धरून उभं राहीन. तुमी पाठ केली थंड पान्यासाठी, आन ते गेलं घंगाळात, तं?" ते मला पुन्हा पुन्हा सांगायचे, "थंड आधी टाक म्हना तिले. मंग पडलं तरी थंडात पडन."

मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काही अभद्र बोलले. "अवं, थंडात गरम घालतेत ते मयताच्या आंघोळीले! जित्या लेकराले मयताचं पानी घालू काय?"

हे मलाही माहेरी ऐकून माहीत होतं, पण विसरले होते. मेलेल्या माणसाच्या आंघोळीला उलटं करतात, आधी थंड, वरून गरम. म्हणून जिवंत माणसासाठी ते कधी करायचं नाही. मी आबाजींना सांगितलं तेव्हा ते भडकले. अंगणातूनच म्हणाले, "इहीनबाई, धम्मदीक्षा घेतली तवा सारे देव पान्यात सोडले तुमी, मीबी सोडले. हे एक भूत कावून घरात ठेवलं? मयताले का हाय वं, उकळतं घाला नाहीतर गार घाला, ते काय बोंबलते? जित्याले कळते पानी!"

"तुमाले पोर ना बाळ," सासूबाई म्हणाल्या. "तुमाले काय समजते जीव कसा भेते ते."

आबाजी वळून त्यांच्या खोलीत गेले. सासूबाईंनाही नंतर वाईट वाटलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी भांडी फार आपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई न्हाणीत गेल्या, तर घंगाळ थंड पाण्याने अर्ध्याच्या वर भरलेलं. कोणी भरलं हे विचारायची गरज नव्हती. त्यांनी ते उचलून शेवग्याला ओतलं आणि आपल्या पद्धतीने मांडलं. तिसऱ्या दिवशीही तेच. मग ते रोजचंच होऊन बसलं. आबाजी पहाटे उठून भरणार, सासूबाई उठून ओतणार. तोंडाने दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. असा तो शेवगा वाढला की पंजाबी म्हणायचा, अशा शेंगा सगळ्या पावर हाउसात नाहीत. मी आबाजींना म्हटलंसुद्धा, "कशाला रोज कंबर मोडता? त्या ओततातच." ते म्हणाले, "त्या ओतून राहिल्या, मी भरून राहिलो. एखाद दिवस त्याहिचा कंटाळा जिंकन."

मुलगी रांगायला लागली. मग घंगाळ धरून उभी राहायला लागली. पाणी म्हणजे तिला वेड. न्हाणीचा आवाज झाला की जिथे असेल तिथून निघायची. मी तिला काखेत घेऊनच सगळी कामं करायची, पण चोवीस तास काखेत लेकरू कोणाला जमलंय? सासूबाई पाठमोऱ्या होऊन विसण आणायला निघाल्या की मी हातातलं काम टाकून धावायची. त्यांच्यासाठी मी संशयी सून झाले होते आणि आबाजींसाठी कमकुवत आई.

ती सकाळ थंडीची होती. धुकं इतकं की अंगणाबाहेरचं काही दिसत नव्हतं. सासूबाईंची कंबर धरली होती. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला दोरीवर कपडे वाळत घालत होते. मुलगी गोधडीवर निजलेली, म्हणून हात मोकळे होते. सासूबाई न्हाणीत गेल्या. घंगाळ नेहमीप्रमाणे थंड पाण्याने भरलेलं. त्यांनी काठाला हात घातला, उचलायला गेल्या आणि "आई गं" म्हणून कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मी ओल्या चादरीच्या आड होते, मला फटीतून दिसत होतं, पण त्यांना मी दिसले नाही. काहीतरी पुटपुटत त्यांनी चुलीवरचं पातेलं घेतलं, त्यातलं थोडं गरम पाणी त्या थंड पाण्यात ओतलं आणि पातेलं परत चुलीवर ठेवायला वळल्या.

मी चादर बाजूला केली तर मुलगी न्हाणीत. कधी उठली, कधी रांगत गेली, कळलं नाही. घंगाळाचा काठ धरून ती उभी राहिली, पुढे वाकली आणि डोकं, हात, छाती सगळं घेऊन आत गेली.

मी पळाले की नाही मला आठवत नाही. सासूबाईंची किंकाळी आठवते. आबाजींची खुळखुळ आठवते, ते अनवाणी पळत आले, बायकांची न्हाणी वगैरे काही न पाहता थेट आत. मी पोचले तेव्हा मुलगी घंगाळात बसली होती. तिने तोंडातून पाणी उडवलं, एकदा ठसकली आणि दोन्ही हातांनी पाण्यावर थापा मारायला लागली. हसत होती.

सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या, तोंडात पदर. आबाजींनी बाही वर केली. घाईत कोपर दोनदा काठावर आपटलं. ते पाण्यात बुडवून त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग ते म्हणाले, "उलीसक गरम टाका, इहीनबाई. थंडी वाजन लेकराले."

पाणी आणखी गरम करा, असं आबाजी त्या अंगणात बोलल्याचं मी तेवढं एकदाच ऐकलं.

मी मुलीला उचलून छातीशी धरलं आणि खूप रडले. आबाजींनी तिचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, तळवे पाहिले, पाय पाहिले. "साबूत हाय," म्हणाले. पुढेही कधी भेटले की हेच करायचे. ती शाळेत जायला लागली तरी फ्रॉकच्या बाहीतून तिचे हात ओढून काढून पाहायचे. "साबूत हाय." ती म्हणायची, "आबाजी, कायले पाहता?" ते म्हणायचे, "काही नाही झालं ते पाहून राहिलो."

सासूबाईंनी घंगाळ ओतणं त्या दिवसापासून बंद केलं. पण हरल्याचं कबूल करतील तर त्या सासूबाई कसल्या! म्हणायच्या, "माही कंबर दुखते, म्हनून नाही ओतत." ती कंबर पुढे कायमची दुखली. आबाजी पहाटे उठून घंगाळ भरत राहिले आणि सासूबाई वरून गरम घालत राहिल्या. कधी कधी ते न्हाणीबाहेरून विचारत, "कंबर कशी हाय, इहीनबाई?" आतून उत्तर यायचं, "दुखून राहिली." पण त्यांना व्याही मानून 'इवाई' अशी हाक काही सासूबाईंनी मारली नाही.

मग आम्हाला सेक्टरात क्वार्टर मिळालं. नळ घरात, अंगण वेगळं. निघताना आबाजींनी मुलीला बंबाजवळ नेलं, पण चुन्याच्या रेघेबाहेर उभं केलं आणि तिथूनच बंबाला जयभीम करायला लावला. आम्ही रविवारी कधीमधी जायचो. सासूबाई न चुकता सोबत यायच्या आणि परत येताना म्हणायच्या, "म्हातारा वाळून राहिला. खात नाही वाटते बराबर."

ते गेले तेव्हा पंजाबी स्वतः सायकलवर निरोप घेऊन आला. ते सकाळी अंगणात चुन्याची रेघ ओढायला वाकले होते, तसेच बसले. आम्ही पोचलो तेव्हा सगळे खोल्यांतले जमले होते. त्यांचं स्वतःचं कोणी नव्हतं, म्हणून सगळं भाडेकऱ्यांनीच करायचं होतं. त्यांच्या कमरेचा तोटीचा कान पंजाब्याने सोडला. बंब पेटवला, पण गुणगुणू दिला नाही.

न्हाणीसमोर त्यांना पाटावर ठेवलं. कोणीतरी घंगाळ आणलं, तेच. रीतीप्रमाणे आधी थंड पाणी, वरून बंबातलं गरम. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी ते भांडले, ती त्या दिवशी कोणी न सांगता सगळ्यांनी बरोबर केली. एकाने तांब्या भरला आणि पुढे झाला.

"थांब," सासूबाई म्हणाल्या.

त्या कमरेवर हात ठेवून हळूहळू पुढे आल्या. घंगाळाशी वाकल्या. मला वाटलं, हात घालून पाहतील. त्यांनी लुगड्याचा पदर खोचला, चोळीची बाही वर सरकवली आणि कोपर पाण्यात बुडवलं. डोळे मिटून उभ्या राहिल्या. सगळं अंगण त्यांच्याकडे पाहत होतं. मग त्यांनी ड्रममधून तांब्याभर थंड पाणी घेतलं, घंगाळात घातलं, पुन्हा कोपर बुडवलं.

"आता घाला," त्या म्हणाल्या. "माह्या इवायाले चावन नाही."